एका कालवडीचा सौदा: जुन्या आयर्लंडच्या खेड्यातला बाजार जवळून बघताना

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर नावाचा परगणा आहे. पाऊस भरपूर, जमीन कुठे पाणथळ तर कुठे नुसता चुनखडीचा खडक, शेतं लहान लहान. तिथला 20-25 एकरवाला एक शेतकरी 1931 च्या ऑक्टोबरमध्ये दोन वर्षांची एक कालवड जवळच्या गावातल्या जनावरांच्या बाजारात नेतो आणि दुपारपर्यंत विकून मोकळा होतो, बस एवढंच हे प्रकरण. हा शेतकरी म्हणजे कुणी एक ठरावीक माणूस नाही, त्या काळच्या नोंदींमध्ये जो सौदा पुन्हा पुन्हा दिसतो त्याचा एक नमुना मी घेतलाय, पौंड-शिलिंगचे आकडेही हिशोब डोळ्यासमोर यावा म्हणून धरलेत. रीत मात्र तीच आहे जी तिथे पिढ्यान् पिढ्या चालत होती.

नोंदी कुठून आल्या ते आधी सांगतो कारण त्याही भारी आहेत. 1930 च्या दशकात हार्वर्डचे दोन अभ्यासक, कॉनराड एरेन्सबर्ग आणि सोलन किंबल, क्लेअरमध्ये जाऊन राहिले आणि शेतकरी, दुकानदार, बाजार यांचं नातं त्यांनी बारकाईने लिहून ठेवलं. आणि 1937 ते 1939 या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतल्या मोठ्या मुलांना वह्या दिल्या आणि सांगितलं की घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून जुन्या गोष्टी लिहून आणा. सुमारे 5000 शाळांमधून मुलांनी लिहिलं, आणि विषयांच्या यादीत एक विषय चक्क 'खरेदी-विक्री' असाच होता. गावात पूर्वी दुकान होतं का, रविवारी चर्चच्या दाराशी माल विकला जायचा का, पैशाऐवजी काम करून फेड व्हायची का, असं सगळं त्या वह्यांत आहे. शाळकरी पोरांच्या अक्षरात अख्ख्या देशाचा बाजार लिहिलेला आहे, मला हे फार मोलाचं वाटतं.

आता माझं म्हणणं. या चालीरीतींबद्दल वाचताना लोक थुंकी लावून टाळी देणं, पबमधला ग्लास, नशिबाचे म्हणून परत दिलेले पैसे हे सगळं गंमत म्हणून वाचतात आणि पुढे जातात. मला वाटतं त्यातली एकही गोष्ट गंमत नव्हती. भाव ठरवणं हा त्या सौद्यातला सोपा भाग होता, अवघड भाग होता तो दोघांनाही चारचौघांत मान खाली न घालता मागे येता येईल अशी वाट काढणं. त्या सगळ्या रीती त्या वाटेसाठी होत्या.

आधी कालवड विकायची का होती ते बघू. 1903 च्या जमीन कायद्यानंतर आयर्लंडमधल्या बहुतेक कुळांनी जमीनदारांकडून जमिनी विकत घेतल्या, पैसे ब्रिटिश सरकारने कर्जाऊ दिले, कारण आयर्लंड तेव्हा ब्रिटनच्या ताब्यात होता, आणि शेतकऱ्याने ते वर्षातून दोनदा हप्त्याने फेडायचे. म्हणजे जमीनदाराचा खंड गेला आणि त्याच्या जागी हप्ता आला. लहान शेतकऱ्याकडे रोख पैसा येण्याच्या वाटा मोजक्याच, त्यातली मोठी वाट म्हणजे जनावर. वासरू दोनेक वर्षं गवतावर वाढवायचं आणि विकायचं, मग ते पूर्वेकडे मीथसारख्या भागातल्या चांगल्या कुरणांवर अजून भरायचं आणि डब्लिनहून जहाजाने इंग्लंडला जायचं. त्यामुळे ही एक कालवड म्हणजे हप्ता, दुकानाची उधारी, पोरांचे बूट असं सगळं चार पायांवर चालत होतं असं समजा.

बाजाराच्या दिवशी मध्यरात्रीनंतर कधीतरी घरातून निघायचं. जनावर चालवतच न्यायचं, दहा-बारा मैल असले तरी. उजाडायच्या आधी गावात पोहोचलं तर उभं राहायला बरी जागा मिळते. बाजाराला वेगळं मैदान पुष्कळ गावांत नव्हतंच, मुख्य रस्त्यावरच सगळी जनावरं उभी राहायची, दुकानदार आदल्या दिवशी खिडक्यांच्या पुढे लाकडी आडोसे लावून ठेवायचे नाहीतर एखादा बैल काच फोडून आत. आणि व्यापारी, ज्यांना आपल्याकडे हेडी म्हणतात तेच, ते काही गावात वाट बघत बसत नसत, अंधारातच गावाबाहेर रस्त्यावर येऊन उभे राहायचे आणि येणाऱ्याला तिथेच गाठून विचारायचे, कितीला देतोस. जाणता शेतकरी तिथे विकत नसे. बाजार भरलाच नाही, शेजाऱ्याला काय मिळालं माहीत नाही, आणि तू आत्ताच हो म्हणालास म्हणजे एकतर तुला गरज फार आहे नाहीतर जनावरात काही खोट आहे, असाच अर्थ निघायचा.

शेतकऱ्याबरोबर त्याचा मुलगा असतो. वय असेल पस्तिशी-चाळिशीचं, पण तो बोलत नाही, फक्त जनावर धरून उभा राहतो. एरेन्सबर्गने हे नेमकं टिपलंय, की बाप जोवर जमीन मुलाच्या नावावर करून देत नाही तोवर चाळिशी उलटलेला माणूसही तिथे 'पोरगाच', भाव करायचा तो बापाने, पैसे घ्यायचे तेही बापाने. मला हे वाचून त्या मुलाबद्दल वाईट वाटलं, कारण कालवडीला चारा घातला त्याने, रात्री उठून विऊ घातलेल्या गाईपाशी बसला तो, आणि बाजारात त्याला तोंड उघडायची सोय नाही.

आता सौदा. हेडी येतो, कालवडीकडे जणू लक्षच नाही असा उभा राहतो, मग हात फिरवतो, पाठीवर, बरगड्यांवर, मागच्या पायांच्या वर मांस कसं भरलंय ते चाचपतो. वजनकाटा नाही, सगळा अंदाज नजरेचा आणि हाताचा. जनावराचं कौतुक केलं तर लगेच 'देव तिचं भलं करो' असं म्हणायचं, नुसतं कौतुक करून गप्प राहणारा माणूस दृष्ट लावतो असं मानायचे, आणि मग घरी जाऊन कालवड आजारी पडली तर बोट त्याच्याकडे. हे झाल्यावर तो विचारतो, किती? शेतकरी म्हणतो 14 पौंड. हेडी 9 म्हणतो आणि चालायला लागतो, म्हणजे खरंच निघून जातो, रस्त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत.

इथे कुणीच रागावलेलं नसतं. 14 आणि 9 हे दोन्ही आकडे खरे नाहीत हे दोघांना ठाऊक आहे. अर्ध्या तासाने हेडी परत येतो, 10 म्हणतो, शेतकरी 13 वर येतो. पुन्हा निघून जाणं. तोवर भोवती चार-सहा माणसं जमलेली असतात, शेजारपाजारचे, ओळखीचे, बघे, ते ऐकत असतात आणि मध्ये मध्ये बोलतही असतात. हा सगळा प्रकार उघड्यावर चालतो हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण हेडीला डब्लिनचा भाव माहीत असतो आणि हा माणूस वर्षातून एकदा-दोनदा विकायला येतो, त्याच्याकडे माहिती कुठली? त्याची माहिती म्हणजे हीच गर्दी. पलीकडे तशीच कालवड कितीला गेली हे पाच मिनिटांत त्याच्या कानावर येतं.

मग येतो तिसरा माणूस. तिकडे त्याला टँगलर म्हणायचे. कधी तो व्यवसायानेच दलाल असायचा आणि हेडीकडून त्याला काही शिलिंग मिळायचे, कधी नुसता शेजारी असायचा जो फुकट मध्ये पडायचा. तो काय करतो, तर निघालेल्या हेडीला बाहीला धरून मागे ओढत आणतो, शेतकऱ्याचा हात जबरदस्तीने धरतो, हेडीचा हात धरतो आणि दोन्ही एकत्र आणायला बघतो, तोंडाने सारखं चालू, भला माणूस आहे हा, लांबून आलाय, एका पौंडासाठी सौदा मोडू नका. हेडी 11 वर आलेला, शेतकरी 12 वर. दोघंही तिथे अडकतात. शेवटी टँगलर म्हणतो फरक अर्धा अर्धा करा, माझा शब्द मोडू नका. साडेअकरा. हेडी हाताला थुंकी लावतो आणि शेतकऱ्याच्या तळहातावर जोरात टाळी मारतो, शेतकरी हात मागे घेत नाही, झालं, सौदा पक्का. लगेच कात्रीने कालवडीच्या पाठीवरचे थोडे केस कापतात किंवा रंगाची, नाहीतर नुसत्या चिखलाची खूण करतात, आणि खूण झालेल्या जनावराला दुसरा कुणी भाव विचारत नाही.

आता हा टँगलर नसता तर? 11 आणि 12 मधला साडेअकरा दोघांनाही दिसत होताच, अंकगणित काही अवघड नाही. पण शेतकऱ्याने स्वतःहून साडेअकरा म्हटलं असतं तर चार शेजाऱ्यांसमोर तो नमला असता, रविवारी चर्चमध्ये तीच माणसं भेटणार, आणि पुढच्या वेळी हेडीही म्हणणार की हा माणूस शेवटी खाली येतो. हेडी स्वतःहून वर चढला तर त्या दिवशीचा उरलेला सगळा बाजार त्याच्याकडून तेवढेच मागणार. म्हणून मधला आकडा कुणाचाच नसावा लागतो. तो तिसऱ्याच्या तोंडून आला की दोघंही म्हणू शकतात, मी काही उतरलो नाही, त्या माणसाचा शब्द राखला. मी जेवढं वाचलं त्यात मला हीच गोष्ट सगळ्यात हुशारीची वाटली, कोर्ट नाही, वकील नाही, कागद नाही, आणि दोन अडलेले हट्टी माणसं मोकळे होतात.

यात सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. व्यावसायिक टँगलर शेवटी ज्याचे पैसे घेतो त्याच्या बाजूने ओढणारच. आणि हेडींची आपापसात समजूत असली तर दुपारपर्यंत कुणीच भाव वाढवत नाही, पाऊस पडतोय, जनावर परत दहा मैल चालवत न्यायचंय, हप्त्याची तारीख आलीय, अशा वेळी शेतकरी 10 लाही देऊन टाकतो. उघड्यावरच्या सौद्याचं संरक्षण तेवढंच, जोवर घेणारे खरोखर दोन आहेत तोवरच.

पैसे लगेच हातात येत नाहीत. कालवड रेल्वे स्टेशनवर नेऊन वॅगनमध्ये चढवून द्यायची, किंवा ठरलेल्या ठिकाणी सांभाळून ठेवायची, मग हेडी हिशोब करतो, पुष्कळदा पबमध्ये बसून. म्हणजे टाळी आणि पैसे यांच्यामध्ये काही तास जातात आणि त्या काही तासांत लेखी काहीच नसतं. साक्षीदार मात्र भरपूर असतात. टाळी दिल्यावर फिरलेला माणूस पुढच्या महिन्यात त्याच रस्त्यावर उभा राहणार आहे, आणि त्याच्याशी कुणी बोलणार नाही, एवढी भीती पुरेशी होती.

आणि पैसे मोजताना शेवटची रीत, लक पेनी. विकणाऱ्याने मिळालेल्या पैशातून थोडे घेणाऱ्याला परत द्यायचे, 'नशिबासाठी', म्हणजे जनावर त्याला लाभावं म्हणून. नाव पेनीचं पण जनावर मोठं असलं की ते शिलिंगमध्ये जायचं, आणि त्यावरही घासाघीस व्हायची, काही वेळा तर मूळ सौद्यातच ठरायचं की लक किती देणार. आपल्या प्रकरणात हेडी 10 शिलिंग मागतो, शेतकरी 5 देतो. तेव्हा 20 शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे हातात राहिले सव्वाअकरा पौंड.

मग सरळ सव्वाअकराच का नाही ठरवले? माझ्या मते याचं उत्तर सौद्यात दोन आकडे लागतात हे आहे. एक गावात सांगायचा, एक खिशात पडायचा. शेतकरी घरी जाऊन, चर्चच्या आवारात, पबमध्ये सांगणार साडेअकरा मिळाले, आणि ते खोटंही नाही. हेडीला पडले सव्वाअकरा, तोही खूश. शिवाय अख्खा सौदा तासभर ताणाताणीचा, एकमेकांच्या मालाला नावं ठेवण्याचा, आणि त्यातला शेवटचा हात मात्र देण्याचा आहे, विकणारा काहीतरी देऊन निघतो. पुन्हा याच माणसाशी व्यवहार करायचा असेल तर हे 5 शिलिंग महाग नाहीत. लोकांची नशिबावरची श्रद्धाही खरीच होती, मी ती बाजूला सारत नाही. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातलं दूध, लोणी किंवा चुलीतला विस्तव बाहेर कुणाला द्यायचा नाही, वर्षाची बरकत त्याबरोबर जाते, असं मानणारी हीच माणसं होती. त्यांच्यासाठी विकलेल्या जनावराबरोबर आपलं काहीतरी बाहेर जातंय ही भावना असणार आणि लक पेनीने ते नीट मिटवलं जायचं.

आता सव्वाअकरा पौंड कुठे गेले बघा. थोडे पबमध्ये, कारण सौद्यानंतर एकमेकांना पाजणं आलंच. काही हप्त्यासाठी बाजूला. आणि मोठा भाग त्याच रस्त्यावरच्या दुकानात, जिथे वर्षभर चहा, साखर, पीठ, तंबाखू वहीवर लिहून नेलेलं असतं. शेतकऱ्याचा पैसा ठरावीक दिवशी येतो आणि पोट रोज लागतं, म्हणून उधारी. पण इथे एरेन्सबर्गने जे पाहिलं ते मी दोनदा वाचलं. शेतकरी बाजाराच्या दिवशी दुकानदाराला बरेच पैसे देतो पण खातं पूर्ण मिटवत नाही, थोडं ठेवतोच, आणि दुकानदारही मागत नाही. पूर्ण पैसे टेबलावर ठेवून खातं बंद करणं म्हणजे भांडण, म्हणजे मी आता तुझ्याकडे येणार नाही. बाकी ठेवलेली उधारी हा नात्याचा धागा होता, बापाची उधारी मुलाकडे यायची, मुलगा त्याच दुकानात जायचा.

हे ऐकायला छान वाटतं आणि ते खरंही आहे, पण याच धाग्याचा फास करणारे दुकानदारही आयर्लंडने खूप पाहिले, त्यांना गोम्बीन मॅन म्हणायचे, आणि ते नाव प्रेमाने घेतलं जात नसे. उधार घेतोस म्हणून भाव जास्त, आणि उधारी आहे म्हणून दुसरीकडे जाता येत नाही, तुझी अंडी आणि ओटही त्यालाच त्याच्या भावाने घालायचे. डोनेगलमध्ये डंग्लोजवळ पॅट्रिक गॅलहर या शेतकऱ्याने 1906 मध्ये शेजाऱ्यांना घेऊन सहकारी सोसायटी काढली ती यातूनच, खत दुकानदाराऐवजी एकत्र मागवलं तर स्वस्त पडतं एवढ्या साध्या गोष्टीपासून सुरुवात झाली आणि तिथल्या व्यापाऱ्यांशी मोठा झगडा झाला. लोक त्याला 'पॅडी द कोप', म्हणजे को-ऑपवाला पॅडी, म्हणून ओळखतात. त्याच्याआधी 1889 पासून होरेस प्लंकेट सहकारी डेअऱ्यांसाठी गावोगाव फिरत होते. उधारीच्या नात्याबद्दल हळवं होताना हा भाग विसरला तर चित्र अर्धवट राहतं.

बायकांचा बाजार वेगळाच होता. अंडी आणि लोणी हा घरच्या बाईचा पैसा, त्यावर नवऱ्याचा हक्क नाही असंच धरलं जायचं. दुकानात अंडी द्यायची आणि चहा-साखर न्यायची, हातात नाणं न येताच. आठवड्याचं घर बहुतेक यावर चालायचं आणि म्हणूनच कालवड ऑक्टोबरपर्यंत थांबवता यायची. बाजारातल्या टाळीचं वर्णन सगळे करतात, पण भाव पटला नाही तर जनावर परत घरी नेण्याची त्या शेतकऱ्याची जी ताकद होती ती अंड्यांच्या टोपलीतून आलेली होती.

आता तीच माणसं, तोच रस्ता, पण 1934. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावरही जमिनीचे हप्ते ब्रिटनलाच जात होते. मधल्या काळात 1932 मध्ये आयरिश नेते डी व्हॅलेरा सत्तेवर आले आणि ते पैसे ब्रिटनला पाठवणं त्यांनी बंद केलं. ब्रिटनने उलट आयरिश मालावर, जनावरांवरही, आधी 20 टक्के जकात बसवली आणि मग ती वाढवत नेली, पुढे किती जनावरं येऊ द्यायची यावरही मर्यादा आली. ज्या हप्त्यासाठी कालवड विकायची त्याच हप्त्यावरून कालवडीचं गिऱ्हाईक गेलं. आयरिश सरकारने 1933 च्या कायद्याने हप्ते निम्मे केले, पण विकायला गेलेल्याला भाव कोण देणार? 1934 मध्ये सरकारने वासराच्या कातड्यामागे 10 शिलिंग द्यायला सुरुवात केली, म्हणजे जन्मलेलं वासरू वाढवण्याऐवजी मारा. ज्या लोकांनी जनावराला हात लावताना देवाचं नाव घेतलं त्यांनी हे कसं केलं असेल, मला विचार करवत नाही.

अशा वेळी टँगलरचा काही उपयोग नव्हता. फरक अर्धा करायला आधी दोन आकडे लागतात, आणि रस्त्यावर दिवसभर उभं राहून कुणी आकडाच बोलत नसेल तर हात कुणाचा धरून कुणाच्या हातावर ठेवायचा? लोक जनावरं घेऊन आले आणि तशीच चालवत परत नेली. 1935 मध्ये कोळसा-जनावरं असा करार झाला, ब्रिटनने जास्त जनावरं घ्यायची आणि आयर्लंडने ब्रिटिश कोळसा, तेव्हा जरा हलकं झालं, आणि 1938 मध्ये आयर्लंडने ब्रिटनला 1 कोटी पौंड एकरकमी देऊन हप्त्यांचा वाद मिटला.

रस्त्यावरचे बाजार त्यातूनही टिकले. ते गेले नंतर, 1950 च्या दशकाच्या मध्यापासून, जेव्हा सहकारी संस्थांनी मार्ट काढले, कुंपण घातलेली जागा, वजनकाटा, आणि गोल रिंगणात जनावर फिरवून लिलाव. 1967 मध्ये मार्टला लायसन्स लागेल असा कायदाही आला. वजन काट्यावर दिसतं, भाव लिलाववाला मोठ्याने पुकारतो, पैसे ऑफिसमधून चेकने मिळतात, त्यामुळे टँगलरचं काम गेलं, खूण गेली, पबमध्ये बसून हेडीची वाट बघणं गेलं. लहान शेतकऱ्यासाठी हे बरंच झालं असं मी म्हणेन, निदान हेडींनी ठरवून भाव पाडणं तरी अवघड झालं. लक पेनी मात्र गेली नाही. लिलावात आकडा पुकारून झाल्यावरही घेणारा येऊन विचारतो लकचं काय, आणि विकणारा खिशातून नोट काढून त्याच्या हातात देतो.